दादा, लायसन्स नावावर करण्याआधी हे वाच

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

तुझा मेसेज मिळाला. बाबा सत्तरीचे झाले म्हणून बंदुकीचं लायसन्स आता तुझ्या नावावर करून घेणार आहेस, आणि आंब्याच्या सीझनला रात्री बागेत चोर येतात त्यांना पण जरा जरब बसेल, असं लिहिलंयस. आणि वर विचारलंयस की तुम्ही तर टेक्सासमध्ये, तुमच्याकडे असेलच. फोनवर हे धड बोलता येत नाही, आई मध्येच फोन घेते, म्हणून लिहूनच पाठवते. सगळं वाच आणि वहिनीला पण दे वाचायला.

आमच्याकडे बंदूक नाही. पण घ्यायची की नाही यावर आमच्या घरात खूप चर्चा झाली, अजून चालूच आहे. एच-वन-बी वर होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता, त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं इथे फेडरल कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर, आणि आपल्या कित्येक पोरांना हे माहीतच नसतं, मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जातात आणि फोटो टाकतात. ग्रीन कार्ड आलं आणि मग निखिलने विषय काढला. त्यात बाजूच्या गल्लीत भर दुपारी एक घर फुटलं. आणि २०२३ च्या मे महिन्यात डॅलसजवळच्या ॲलन गावातल्या मॉलमध्ये एकाने गोळीबार करून आठ जणांना मारलं, त्यात एक आपली भारतीय इंजिनिअर मुलगी होती. तो मॉल आमच्यापासून लांब नाही, कपडे घ्यायला आम्ही तिथेच जायचो. आई तेव्हा रडत म्हणाली होती की घरात काहीतरी ठेवा, तुला आठवत असेल. पण त्या दिवशी त्या गोळीबार करणाऱ्याला थांबवलं ते दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेल्या एका पोलिसाने, ज्याचं रोजचं कामच ते आहे. आमच्यासारखं माणूस पोर कडेवर घेऊन उभं असताना काय करणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

इथे घेणं किती सोपं ते सांगते. दुकानात जायचं, एक फॉर्म भरायचा, ते एफबीआयच्या सिस्टिमवर तुझं नाव तपासतात, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं, पैसे दिले की पिस्तूल तुझं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ च्या वरच्या माणसाला, ज्याच्यावर कायद्याने बंदी नाही त्याला, पिस्तूल कमरेला लावून फिरायला परवाना पण लागत नाही. म्हणजे ट्रेनिंग न घेता चालतं. हे मला पटत नाही, स्पष्ट सांगते. आम्ही ठरवलं की घ्यायची असो वा नसो, परवान्याचा क्लास दोघांनी करायचा. चार ते सहा तास वर्गात, मग लेखी परीक्षा, मग रेंजवर ५० गोळ्या, तीन यार्ड, सात यार्ड आणि पंधरा यार्डावरून, २५० पैकी १७५ मार्क पडले की पास.

पहिली गोळी सुटली तेव्हा कानावर मफ्स असून छातीत धक्का बसला. रिकामं काडतूस गरम असतं, ते उडून शेजारच्याच्या कॉलरमध्ये पडलं आणि तो पिस्तूल हातात असताना वळायला लागला, तर शिकवणाऱ्याने झटक्यात त्याचा हात धरून नळी पुढेच ठेवली. मला त्या क्लासमधलं सगळ्यात जास्त तेच आठवतं. नेम धरायला कोणीही शिकतो रे, तीन यार्डावर तर लागतेच, समोरचा कागद हलत नाही, लाईट लावलेला असतो, आपण जागे असतो. रात्री दोन वाजता झोपेतून उठून हात थरथरत असताना त्यातलं काही नसतं.

चार नियम पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धर. ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे नळी फिरवू नको. नेम बसेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. आणि समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते नक्की कळल्याशिवाय बार नाही. पहिला नियम ऐकला आणि मला बाबाच आठवले, "रिकामी दिसली तरी भरलेली आसा असां समज", असं आपल्याला किती वेळा ओरडले असतील. डुकरं हाकवून आले की पडवीत पाय ठेवायच्या आधी बाहेरच बार काढून मोकळी करायचे, कारण ठासणीची बंदूक, नळीतून दारू ठासलेली, एकदा भरली की तशी सहज रिकामी होत नाही. बाबांनी ती बंदूक शेतासाठी वापरली, आवाजासाठी. निवडणूक आली की मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, माणसावर दाखवलेली तर मी कधी पाहिली नाही.

म्हणून तुझं ते चोरांना जरब वाचून मला धस्स झालं. चौथा नियम तुझ्यासाठीच आहे दादा. काळोखात कलमांमध्ये काहीतरी हललं, तू ओरडलास, उत्तर आलं नाही, तर तिथे कोण आहे? चोरच असेल कशावरून? वाडीतला कोणी पिऊन वाट चुकलेला असेल, रानात गेलेला पोरगा असेल. शिकारीत डुक्कर समजून माणसालाच बार लागला अशा बातम्या आपल्याकडेच येतात. इथे ऑक्टोबर १९९२ मध्ये लुईझियानात बॅटन रूजला एक जपानी विद्यार्थी, सोळा वर्षांचा, हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि पत्ता चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालकाने पिस्तूल रोखून "फ्रीझ" म्हटलं, पोराला ते कळलं नाही बहुतेक, तो पुढे आला, गोळी छातीत, थोड्याच वेळात संपला. घरमालक फौजदारी कोर्टात सुटला पण दिवाणी दाव्यात साडेसहा लाख डॉलरचा निकाल विरुद्ध गेला. एवढं होऊन २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत परत तेच, भावांना आणायला गेलेला सोळा वर्षांचा मुलगा चुकीच्या दारात, आतून ८४ वर्षांच्या म्हाताऱ्याने गोळी झाडली, हा नशिबाने वाचला. दोन्ही घरमालकांना वाटलं आपण घर राखतोय.

कायद्याचं पण बघून घे. टेक्सासचा कायदा फार सैल आहे, रात्री चोरी करून पळणाऱ्यावरसुद्धा काही परिस्थितीत गोळी झाडलेली चालते. टीव्हीसाठी कोणाचा तरी मुलगा मारायची परवानगी मला कायद्याने दिली तरी नको. आपल्याकडे तसं नाही, स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, आधी आयपीसीत म्हणजे भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ कलमं होती, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही हे त्यातच लिहिलंय. रात्री घर फोडून आत घुसला तर वेगळी गोष्ट, पण बागेतून आंब्याची पेटी उचलून पळणाऱ्याला बार घातलास तर तू आत जाशील, आणि लायसन्स शेती संरक्षणाचं आहे, ते माणसांसाठी नाहीच. बागेत सोलरचे लाईट लाव, दोघंतिघं मिळून राखण करा, मोठी बॅटरी आणि शिट्टी ठेवा, पाहिजे तर कॅमेऱ्याचे पैसे मी देते.

आता दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची. बंदूक अजून माजघरात खुंटीला असते ना? आणि बंदुकीची दारू आणि ती पेटवायच्या केप खालच्या कपाटात. आपण लहान होतो तेव्हा बाबांचा धाक होता, पण अथर्व नऊ वर्षांचा आहे, स्टुलावर चढतो. इथे मुलाला खेळायला कोणाकडे पाठवायचं तर मी आता आधी विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का, असेल तर कुलूपबंद आहे का. सुरुवातीला संकोच वाटायचा पण कोणी रागावत नाही. निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो टेक्साससारख्या राज्यातसुद्धा गुन्हा आहे.

आणि मुलंच नाहीत फक्त. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६ हजारांवर आत्महत्या होत्या. चोर-डाकू, मॉलमधले गोळीबार हे सगळं धरूनही निम्म्याच्या वर स्वतःच्याच हाताने. घरातलं कोणाचं मन कुठल्या रात्री कसं असेल ते आपल्याला कळत नाही, आणि ती वाईट वेळ बऱ्याचदा टळून जाते, पण हाताशी बंदूक असली की टळायला वेळच मिळत नाही. मला निखिलशी वाद घालताना हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. तो म्हणतो बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी घेऊ, मी म्हणते आधी तिजोरी, मग दार मजबूत, मग बघू. सध्या दाराला चांगला बोल्ट लावलाय, मागे हालचाल झाली की लागणारा दिवा आहे, आणि रात्री काही झालं तर सगळ्यांनी पोराच्या खोलीत जमायचं, दार लावायचं, ९११ हा इथला इमर्जन्सी नंबर लावायचा, सामान गेलं तर जाऊ दे असं ठरलंय.

लायसन्स तू जरूर नावावर कर, बाबांची वस्तू आहे आणि डुकरं काय, गवे काय, शेती करणाऱ्याला त्याची गरज आहे हे मला कळतं. पण त्याआधी लोखंडी पेटी कर, दोन कुलपं, केप आणि दारू वेगळ्या खोलीत, चावी तुझ्याकडे आणि वहिनीकडेच. २०१६ च्या शस्त्र नियमांत सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आलंय, तू ओरोसला कलेक्टर ऑफिसात जाशील तेव्हा ते कुठे मिळतं विचार आणि नुसता कागद आणू नको, खरंच शिकून ये. अथर्वला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेला मेडल मिळाल्यापासून नेमबाजीचं वेड लागलंय ना, मग ती आवड मारू नको, थोडा मोठा झाला की कोल्हापूरला एअर रायफलच्या कोचकडे घाल, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाज त्याच मातीतल्या. तिथे शिस्त आधी शिकवतात. खुंटीवरची बंदूक बघत त्याने शिकू नये.

बाबांना सांग मी लिहिलंय म्हणून, रागावले तर मला फोन करायला सांग. पेटी कुडाळला करून मिळेल, किती खर्च येतो ते कळव, मी लगेच पाठवते. बंदूक खुंटीवरून उतरवलीस की मला मेसेज कर.

आईबाबांना नमस्कार, वहिनीला आणि अथर्वला खूप प्रेम.

तुझी,
मनू