बाबा, शिबिराच्या जीपमध्ये बसू नका

छत्रपती संभाजीनगर

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

दादा काल म्हणाला, दसरा झाला की मोतीबिंदूचं शिबिर आहे आणि बाबांनी नाव दिलंय. फोनच करणार होते. पण बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं आणि तुम्ही निम्मं ऐकूनच "बरं बरं" म्हणता. म्हणून लिहितेय. आईकडून दोनदा वाचून घ्या.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. आजाराला स्टिकलर सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. स्टिकलर यांनी १९६५ साली त्याची पहिली नोंद केली. कोलेजन म्हणजे शरीराला बांधून ठेवणारा धागा. सांध्यांच्या कुर्चेत असतो, डोळ्याच्या आतल्या पारदर्शक जेलमध्येही असतो. आपल्या घरात तो धागाच कच्चा विणला जातो. तुमचा आणि माझा लहानपणापासूनचा जाड भिंगाचा चष्मा, तुमचे गुडघे, तुमचे कान, दादाची फाटलेली टाळू, सगळं एकाच मुळाचं.

आई, टाळूचं वाक्य पुन्हा वाच. तू ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून पोराची टाळू फाटली, असं आजी म्हणायची आणि तू छत्तीस वर्षं ते गिळत आलीस. ग्रहणाचा काही संबंध नव्हता गं. आणि बाबा, आता ते ओझं तुम्ही उचलू नका. आई-बापापैकी एकाला हा आजार असला की प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि ते कुणाच्याच हातात नसतं.

आषाढात माझा डोळा गेला होता, ते तुम्ही पाहिलंच. असा डोळा जातो तेव्हा बऱ्याच जणांच्या पडद्याला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या अस्तराला, बारीकसं भोक पडलेलं असतं. माझा पडदा पाव वर्तुळाहून जास्त फाटला होता आणि त्याची कड आत दुमडली होती. डॉक्टरांनी आतला जेल काढला, पडदा उलगडून सपाट बसवला, कडेनं लेसर मारला आणि तो जागेवर राहावा म्हणून सिलिकॉनचं तेल भरलं. मग आठ दिवस पालथं झोपणं. आई, त्या आठ दिवसांत मला तुझे फक्त पाय दिसायचे. टाचेची भेग, उजव्या पायातलं झिजलेलं जोडवं आणि फरशीवर ठेवलेला, स्ट्रॉ घातलेला चहा. तेल दिवाळीनंतर काढायचंय. पडदा पुन्हा सुटू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. चांगल्या डोळ्याच्या पडद्याला मात्र फाटायच्या आधीच कडेनं गोल लेसर दिलाय. त्यानं धोका कमी होतो, पुरता जात नाही.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याचंही हेच झालं असणार. आधी चमका, मग काळे ठिपके, मग कोपऱ्यातून दारावरचा पडदा ओढल्यासारखं. एका दवाखान्यात नुसते थेंब दिले, आणि तुम्ही म्हणालात पेरणी उरकू दे. त्या वेळी कुणी पडदा तपासलाच नाही, याचा मला अजून राग येतो.

शिबिरं वाईट नसतात. धाकट्या काकूला शिबिरातच दिसायला लागलं. पण तुमचा डोळा काकूसारखा नाही. एवढ्या मोठ्या मायनस नंबरच्या, असल्या जेलच्या डोळ्यातून मोतीबिंदूचं भिंग काढलं की पडदा सुटण्याचा धोका वाढतो. आणि तुमच्याकडे एकच डोळा उरलाय. ऑपरेशन करायचंच आहे. पण आधी बाहुली मोठी करून पडद्याची कड न् कड तपासायची, कुठं पातळ किंवा फाटलेलं दिसलं तर लेसर घ्यायचा, मग मोतीबिंदू. पडद्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जीपमध्ये पाय ठेवू नका.

पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीय. सोमवारी परभणीहून रेल्वेनं या. येताना पेटीतले जुने कागद आणि जुने चष्मे आणा. दादाच्या चिऊलाही आणा. ती टीव्हीला नाक लावून बसते, ते लाडानं नाही. दादाला हा आजार आहे म्हटल्यावर तिलाही निम्मी शक्यता आहे. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी मुक्काम इथंच. सोयाबीनचं दादा बघेल, मी बोललेय त्याच्याशी.

तोवर रोज सकाळी अंगणातून मारुतीच्या कळसाकडे बघा. चमक दिसली, काजळी उडाल्यासारखे ठिपके आले, कुठूनही सावली सरकली, तर मंगळवारची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवा.

तुमची,
मनी