कर्टिस यांच्या मोटारसायकलीची नोंद हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील वेगविक्रमांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यातील तक्त्यात अमेरिकन इंजिन-निर्माते ग्लेन कर्टिस यांच्या १९०७ सालच्या मोटारसायकलीचा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

त्या वर्षी जानेवारीत फ्लोरिडातील ऑर्मंड बीचच्या टणक वाळूवर कर्टिस यांनी एक मैल २६.४ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे २१९ किलोमीटर वेगाने कापला. आदल्याच वर्षी तेथे स्टॅन्ली कंपनीच्या वाफेच्या मोटारीने गाठलेला वेग ताशी सुमारे २०५ किलोमीटर होता. मोटारीहून दुचाकी वेगवान ठरली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

माझी उमेदीची वर्षे वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे मला या गाडीच्या वेगापेक्षा तिच्या रचनेचे अधिक अप्रूप आहे. उड्डाणासाठी घडवलेले, हवेने थंड होणारे, आठ सिलिंडरचे ४० अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी लांबवलेल्या सांगाड्यात बसवले. एवढा जोर पट्टा किंवा साखळी पेलणार नाही, म्हणून इंजिनाच्या फिरत्या दांड्याने थेट मागच्या चाकाच्या भल्यामोठ्या बेव्हल गिअरला, म्हणजे गतीची दिशा काटकोनात वळवणाऱ्या तिरप्या दात्यांच्या चक्राला, गती दिली. मध्ये गिअरबॉक्स नाही. इंजिनाचा प्रत्येक धक्का त्या दांड्यावर आणि त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटवर (कोनात असलेल्या दोन दांड्यांना जोडून गती पुढे नेणाऱ्या सांध्यावर) येत असणार, हे हातात पाना धरणाऱ्या कोणालाही कळेल. पुढच्या फेरीत नेमका तोच जॉइंट तुटला आणि सांगाडाही वाकला. उधळलेली गाडी कर्टिस यांनी सुखरूप थांबवली, हे त्यांचे कौशल्य. पण दुसरी धाव पूर्ण होऊ शकली नाही आणि त्या वेगाला अधिकृत मान्यता मिळाली नाही.

ती धाव अधिकृत विक्रमांत मोजावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. परंतु मान्यता का मिळाली नाही, हे कारणासह तक्त्याखाली छापायला हवे, कारण आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना तुटलेल्या जॉइंटमधून जे उमगेल, ते नुसत्या आकड्यांतून उमगणार नाही. शिवाय १९०८ च्या ४ जुलैला कर्टिस यांनी ‘जून बग’ हे विमान उडवले, तेही त्यांच्याच कारखान्यातील आठ सिलिंडरच्या इंजिनावर.

ही गाडी आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पुढील अंकात तिचे छायाचित्र द्यावे आणि त्यात मागच्या चाकावरचा तो गिअर स्पष्ट दिसेल असे पाहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर