जेवायला कुणाबरोबर बसतेस?

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, बरं केलंस. प्रोजेक्टचे ग्रुप पाडताना जर्मन मुलांनी आपापली माणसं धरली आणि तू, तो इराणी मुलगा नि ती चिनी मुलगी तेवढी उरलात, हे तू सांगत होतीस आणि मी मध्येच म्हणालो, "तूच बोलत नसशील." आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

विचारणार नव्हतो, पण मेन्सात, तुमच्या त्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवायला कुणाबरोबर बसतेस?

आपल्या वरच्या खोलीत मेडिकलच्या त्या दोन मलेशियन मुली राहायच्या. तू नववीत होतीस. भाडं एक तारखेला हातात, चपला जिन्याखाली ओळीनं. कॉलेजात त्यांचा कट्टा वेगळा, गावातल्या पोरांचा वेगळा. "मिसळतच नाहीत," असं आम्हीच म्हणायचो. हलाल नाही म्हणून मटणाची वाटी परत आली, तर आज्जीनं शिष्ट ठरवून टाकलं. दोन गणपती झाले, घर माणसांनी भरलेलं, पण त्यांना खाली या म्हणायला कुणी जिना चढलं नाही. मीही नाही. जाताना धाकटी आईला म्हणाली, "आंटी, तुमच्या तळणाचा वास वर यायचा." हसून म्हणाली. हल्ली ते फार आठवतं.

आणि मी तरी काय केलं होतं? जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, त्यानंतर आमच्या वर्गात मराठी बाकं आणि कानडी बाकं असंच होतं. प्रॅक्टिकलला हजेरी क्रमांकानं जोड्या लावल्या म्हणून, नाहीतर तुझ्या होंगलकाकाशी मी तीन वर्षं बोललो नसतो. पहिला महिना आम्ही ब्युरेटकडे बघत काढला. मग एक दिवस त्यानं डबा पुढं सरकवला, "ऊटा आतेनो?" जेवलास का, एवढंच. तुला जर्मनीला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे घेऊन पहिला तोच आला होता. मी तर ते प्रवेशपत्र झेरॉक्स करून खिशात घालून हिंडत होतो, तुला सांगितलं नव्हतं.

तेव्हा ऐक. भाषेचा क्लास बुडवू नकोस. त्यांनी बोलवायची वाट बघू नकोस. खोलीत बसून आपल्याच लोकांशी मराठीत गप्पा मारत... झालं, सुरू झालं माझं. ज्याच्या घरी पाहुणा येतो त्यानं आधी "ये" म्हणायचं असतं, हे मला कळायला तुला एवढं लांब जावं लागलं. चूक तुझी नाही. तरी डबा नेत जा बाई. एकटी जेवू नकोस.

घड्याळं मागं गेल्यापासून साडेचार तासांचा फरक आहे, आई अजून साडेतीनच धरते. तू वर्गात असताना ती फोन करत असेल तर रागावू नकोस.

हे पत्र पार्सलमध्येच घालतोय. दुधाचे पदार्थ तिकडं पाठवता येत नाहीत, म्हणून कुंदा नाही. शेंगाचटणीची दोन पाकिटं आहेत. एकात आईनं तिखट कमी घातलंय, त्या इराणी मुलाला झेपेल एवढं.

तुझा,
बाबा