काकूंचा शॉट

कोल्हापूर

प्रिय वैशाली,

पोस्टाची वाट पाहण्याइतका वेळ नसल्याने हे पत्र टाइप करून पाठवते आहे. आमच्याकडे सर्व ठीक आहे. आजीचे गुडघे होते तसेच आहेत.

येथील वृत्तवाहिनीत माझी इंटर्नशिप सुरू झाल्याचे तुला ठाऊकच आहे. सकाळी आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करून राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, पाण्याखाली गेलेले बंधारे आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले हे विचारायचे आणि स्क्रोलला टाकायचे, हे माझे काम. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते, हे आता मी झोपेतही सांगेन. आई शेजारणींना सांगते की टीव्हीच्या तळाशी जी पट्टी पळते ती आमची मुलगी. मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण गोठ्यातली जनावरे कधी सोडायची हे चिखली-आंबेवाडीची माणसे त्या पट्टीवरून ठरवतात, अँकरच्या चढ्या आवाजावरून नव्हे. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोक्याची, त्यामुळे आकडा दोनदा ऐकल्याशिवाय मी टाइप करत नाही.

दुपारी मात्र मला लायब्ररीत बसवतात. जुनी विज्युअल्स पाहायची, त्यांना नावे द्यायची. ऑगस्ट २०१९ च्या फोल्डरमध्ये ‘पूर-महिला-रडताना’ नावाची क्लिप होती. उघडली, तर काकू, तुझी आई!

तो सहा सेकंदांचा शॉट आपण तेव्हा पाहिलाच होता. मी आता पाहिले ते रॉ फूटेज, आवाजासह. काकू बोटीतून उतरत आहेत, कडेवर चादरीत गुंडाळलेले शिलाई मशीनचे मुंडके आहे आणि त्या पदराने तोंड पुसत आहेत. पावसाची झड तोंडावर येते आहे म्हणून पुसत आहेत, हे स्वच्छ दिसते. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, पुढे करून कोणी तरी विचारतो, ‘काकू, काय वाटतंय आता?’ त्यावर काकू म्हणतात, ‘तू आदी बाजूला हो बघू, मागनं म्हातारी उतरायलीय, पडंल.’ आणि तो खरोखरच बाजूला होतो, कॅमेरा डळमळतो, क्लिप संपते. यातला आवाज काढून त्यावर ‘अश्रू अनावर झाले’ असा व्हीओ, म्हणजे निवेदकाचा आवाज, चढवला गेला, आणि पुढे बाजारात काकूंना कोणत्या नावाने ओळखू लागले, ते तुला मी सांगायला नको.

पुरात चॅनेलवाल्यांनी असे शॉट घ्यावेत की नाहीत या आपल्या जुन्या वादात आता लगेच जिंकल्याचा आव आणू नकोस. शिरोलीला महामार्गच पाण्याखाली होता, आणि पाणी उतरल्यावर बाहेरगावाहून मदतीचे जे ट्रक आले ते असलीच दृश्ये पाहून आले, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. बोटीत बूमला जागा मिळाली आणि मशीनच्या स्टँडला मिळाली नाही, हे तुझेही कायम असेलच. त्यावरून आपण सहामाहीपर्यंत अबोला धरला आणि बाईंनी मुद्दाम दोघींना एका बाकावर बसवले. तुझी कंपासपेटी मी ढकलली नव्हती, ती बाक उताराचा होता म्हणून पडली.

खरी अडचण पुढेच आहे. पातळी आज ३७ फुटांवर आहे. डेस्कने मला पूरपरिस्थितीचे पॅकेज, म्हणजे दृश्ये आणि निवेदन जोडून केलेली बातमी, तयार ठेवायला सांगितले आहे आणि पाणी ३९ ला टेकले की ते लागणार. आउटपुटचे, म्हणजे काय प्रसारित करायचे ते पाहणारे, सर म्हणाले, ‘तो बाई रडतानाचा शॉट घे, दरवर्षी चालतो.’ ती बाई रडत नाही, असे मी सांगितले. फाइल फूटेज म्यूटच जाते, वर ‘संग्रहित’ टाक, असे उत्तर आले. मनुष्य वाईट नाही. बुलेटिन तोंडावर आले होते आणि बुलेटिनमध्ये फोनवरून बोलायला एक सरपंच ताटकळत होते. परंतु तो ‘संग्रहित’ शब्द कोपऱ्यात इतका बारीक असतो की तो वाचायला टीव्हीला नाक लावूनच बसावे लागेल.

शॉट गाळून मी त्या जागी नदीचे पात्र लावू शकते, कोणी विचारणारही नाही. परंतु मी येथून गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात दुसरी एखादी मुलगी तीच क्लिप शोधून लावील. नाव बदलणे माझ्या हातात होते, ते मी बदलले आहे: ‘पूर-महिला-मशीनसह-ऑडिओ आहे’. माझ्या मनात आहे ते निराळेच. काकूंचे ते वाक्य आवाजासह जावे. पूरग्रस्त बाई आमच्या पडद्यावर हात जोडते किंवा रडते. बूमवाल्याला बाजूला हो म्हणून सुनावणारी मी तरी पाहिलेली नाही. सरांना पटवायला मला एक दुपार लागेल, पण ते पटतील.

मात्र तोंड काकूंचे आहे. ते पुन्हा सगळ्या जिल्ह्याला दाखवायचे की कायमचे काढून टाकायचे, हे मी ठरवणे मला बरोबर वाटत नाही. मी स्वतः विचारले तर त्या ‘तुझं काम होतंय न्हवं, मग लाव की’ म्हणतील आणि तसला होकार मला नको आहे. तू विचार, आणि पॅकेज मी करते आहे हे त्यांना सांगू नकोस. नको म्हणाल्या तर क्लिप काढून टाकण्यासाठी मी सरांशी भांडेन. भांडणाचा सराव तुझ्याकडून झालेलाच आहे.

तुझी नर्सिंगची परीक्षा कशी झाली? नाइट ड्यूटीला डबा नेतेस ना? सांगलीच्या स्थळाला नकार कळवलास ते उत्तम केलेस, फोटोतली ती मिशी मलाही पटली नव्हती. बाकी सविस्तर नंतर.

राधानगरीचा तिसरा दरवाजा आज दुपारी उघडला आहे. काकूंचे उत्तर उद्या दुपारच्या बुलेटिनच्या आत कळव.

तुझी,
मेघा