मध्यरात्रीचा वळीव

अटलांटा, जुलै

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

काल रात्री एकला विजेच्या कडकडाटाने दचकून उठलो. एसी बंद पडलाय म्हणून खिडकी उघडी होती. ती लावेपर्यंत अर्धी चादर भिजली. वीसेक मिनिटं धो-धो कोसळला आणि एकदम गप्प. आपल्या सोलापुरात वळीव म्हणजे दुपार कलल्यावर धुळीची वावटळ, मग टपोरे थेंब. रात्री एकला वळीव, ही कुठली तऱ्हा?

शोधलं, तर अशा पावसांमागे हे शहरच असतं म्हणे. बाबा, आपला गच्चीचा स्लॅब आठवा. रात्री दहाला बादलीभर पाणी मारलं तरी तळव्यांना चटका बसतो, मागच्या रानात मात्र गार झालेलं असतं. इथे तसा स्लॅब मैलोन्‌मैल पसरलाय, डांबराचा नि काँक्रीटचा, आणि भोवती दाट झाडी. झाडी निवते, शहर निवत नाही. शहरावरची गरम हवा वर जाते, तिच्या जागी चहूबाजूंनी हवा आत येते, मध्ये एकमेकींवर आदळते आणि तीही वर चढते. त्यात मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा असली की झाला ढग तयार.

१९९६ च्या ऑलिंपिकसाठी इथे हवामान केंद्रांचं जाळं उभारलं होतं, त्याच्या नोंदींत हे दिसलं. पुढे १९९६ ते २००० ही पाच वर्षं तपासली, तेव्हा शहराच्या उष्णतेने उठवलेले ३७ पाऊस सापडले (बाकीचे आपापल्या वाटेने आलेले). जुलैत सर्वांत जास्त, तेही मध्यरात्र उलटताना!

आता तुमच्या जुन्या भांडणाचा निकाल. बाबा पेपरातला आकडा बघून म्हणायचे, "बेचाळीस झालं, आज येतोय." आई बरणीतलं मीठ चिमटीत चोळून बघायची, ओलसर लागलं की गच्चीवरचे पापड खाली. तर त्या ३७ पावसांत, शहर किती तापलं यापेक्षा जमिनीलगतची हवा किती दमट होती, यालाच जास्त वजन निघालं. आई, तू जिंकलीस. बाबा, तुम्ही अगदीच हरलात असं नाही, तापल्याशिवाय हवा वर जाणार कशी? पण पापड वाचायचे ते आईमुळेच.

उकाड्यामुळे तुम्ही अजून गच्चीवर झोपता, असं ताई म्हणाली. लांब कुठे वीज चमकली तरी गादी गुंडाळून खाली या, पहिल्या थेंबाची वाट बघत बसू नका.

तुमचा,
बाळू