हेन्री विकचे रान

महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होत आहेत. सेनापती आणि लढाया यांवर भरपूर लिहून येईल. एका शेतकऱ्याकडेही वाचकांचे लक्ष जावे, म्हणून हे पत्र.

न्यू जर्सीत मॉरिसटाउनजवळ जॉकी हॉलो येथे हेन्री विकचे घर आहे. १७५०च्या सुमाराचे, लाकडी, मधोमध एकच मोठे धुराडे. जमीन तब्बल १४०० एकर आणि त्यात बहुतेक रानच. स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना डिसेंबर १७७९ मध्ये सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनची सुमारे १०,००० फौज या परिसरात उतरली. न्यूयॉर्कचे बंदर गोठवणारा तो हिवाळा. विकच्या आणि शेजाऱ्यांच्या रानातले ओक, अक्रोड, चेस्टनट तोडून सैनिकांनी हजारावर झोपड्या उभारल्या, शेकोट्या पेटवल्या. शेकडो एकर रान बोडके झाले. घरात जनरल आर्थर सेंट क्लेअरचा मुक्काम पडला आणि घरची माणसे आपल्याच घरात अंग चोरून राहिली.

अर्धपोटी, गारठलेल्या सैनिकांना मी दोष देत नाही. पण रान ही त्या शेतकऱ्याची ठेव होती.

विक डिसेंबर १७८० मध्ये वारला. लगेच १ जानेवारी १७८१ला, थकलेला पगार आणि नोकरीची संपलेली मुदत यांवरून वॉशिंग्टनच्याच फौजेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी तिथेच बंड केले. त्या गडबडीत मुलगी टेम्पीने आपला घोडा झोपायच्या खोलीत लपवला, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही. तरी सगळ्यांच्या तोंडी तीच, आणि बापाचे नुकसान मागे पडते. याचे मला फार वाईट वाटते.

आपल्याकडे तरी काय वेगळे? त्याच १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज पुण्यावर चालून येत होती. तिच्या हाती दाणागोटा लागू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव जाळून ओस केले. पुढे वडगावला इंग्रजांना तह करावा लागला, तो आपण अभिमानाने सांगतो. तळेगावात कोणाची घरे, कोणाच्या कणग्या जळल्या, हे कोण सांगतो?

विकचे घर १९३३ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात जपले आहे. न्यू जर्सीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलांना तिथे न्याल तेव्हा घोड्याची गोष्ट जरूर सांगा. मग मागच्या रानात नेऊन हेही सांगा, की हे सगळे नंतर वाढलेले आहे, विकचे रान फौजेने तोडले होते.

– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)