नेट जातंय म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आधी माफी मागतो, मग बाकीचं. दिवाळीच्या आसपास तुमच्या ऑफिसात एका वाचकाचा फोन आला होता, ई-पेपर उघडत नाही म्हणून त्याने फोन उचलणाऱ्या मुलीवर बराच आवाज चढवला, तो वाचक मी. ती बिचारी मध्येमध्ये काहीतरी सांगू बघत होती, मी ऐकूनच घेतलं नाही, "तुमची साईट बंद पडलीय ती आधी बघा" म्हणून फोन आपटला. साईट बंद नव्हती हो. नेटही बंद नव्हतं. लॅपटॉपही धड चालू होता. तरी पेपर उघडत नव्हता, आणि ते का, हे कळायला मला सव्वा महिना, आठशे रुपये आणि बरेच फोटो घालवावे लागले. ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लांबलचक पत्र, जागा नसेल तर कापा पण फॉरमॅटचा, म्हणजे लॅपटॉप पुसून कोरा करायचा, भाग तेवढा कापू नका.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, एका मायनिंग कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघायचो, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसलो. लॅपटॉप माझा नव्हे, २०२० साली पोराच्या ऑनलाईन क्लाससाठी घेतलेला, तेव्हा आमच्या बाजूची पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची तो काळ. पोरगा नोकरीला लागला, लॅपटॉप माझ्याकडे आला. माझं काम काय तर सकाळी पेपर, लाईटचं बिल, कधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा, आणि भजनी मंडळाचा हिशेब. एवढ्यासाठी काय मोठी मशीन लागत नाही.

तर झालं असं की सकाळी लॅपटॉप लावला की पंधरा-वीस मिनिटं सगळं झकास, पहिलं पान वाचून होतं, दुसरं उघडायला गेलो की गोल गोल फिरतं आणि मग पडद्यावर नो इंटरनेट. वायफायचे दांडे मात्र फुल्ल. बंद करून परत चालू केला की परत पंधरा-वीस मिनिटं. मी एक ब्राउजर सोडून दुसरा टाकला, दुसरा सोडून तिसरा टाकला, तिन्ही एकाच वेळी मान टाकायचे. त्या नो इंटरनेटच्या खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ यायची, ती मी महिनाभर वाचली नाही. मोठं अक्षर वाचलं की आपल्याला वाटतं कळलं.

पहिला संशय अर्थातच नेटवाल्यावर. त्यात ऑक्टोबरातला दुपारचा गडगडाट, आमच्याकडे ढग वाजला की बायको आधी टीव्हीची, मग राउटरची पिन काढते, फ्रीजही सोडत नाही, म्हणून मला वाटलं राउटर उडाला असणार. फोन केला तर तिकडून ठरलेलं उत्तर, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. केला. चारदा केला. मग माणूस आला, त्याने स्वतःचा मोबाईल काढून वायफायवर व्हिडिओ लावून दाखवला, म्हणाला लाईन क्लिअर आहे, तुमच्या लॅपटॉपात काहीतरी आहे, आणि गेला. आता विचार करतो तर तो माणूस अर्धं निदान करून गेला होता, पण मला तेव्हा वाटलं हात झटकतोय.

मग बाजारातलं दुकान. कुठल्या बाजारातलं ते लिहीत नाही, कारण सगळीकडे तेच चालतं. तिथल्या मुलाने लॅपटॉप उघडला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट करचो पडटलो." वर हेही सांगितलं की विंडोज १० आता बंद झालीय म्हणून नेट जातं, परवडत असेल तर नवाच घ्या. आता हे मुद्दाम लिहितो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण सपोर्ट संपला म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे थांबले, नेट जायचा त्याच्याशी काही संबंध नाही. धोका वाढतो हे मान्य, नवीन विंडोज टाकता येत असेल तर टाकावी, पण १५ तारखेला कुणी येऊन तुमचं ब्राउजिंग तोडत नाही. मला ते तेव्हा कुठे माहीत.

त्या मुलाने विचारलं, "बॅकअप आसा न्हय?" मी मान हलवली. खरं सांगायचं तर बॅकअप म्हणजे मला वाटलं बॅटरीचा बॅकअप, तो होता की दोन तासांचा. तो विचारत होता फोटो-फाइलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत.

संध्याकाळी लॅपटॉप घरी आला तेव्हा कोरा करकरीत. मंडळाचा हिशेब वहीतही होता म्हणून वाचला. चवथीचे, म्हणजे गणपतीचे, आठ-नऊ वर्षांचे फोटो गेले, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतानाचे, आणि बाबांचा घुमट वाजवतानाचा एक व्हिडिओ, आरती संपत आलीय आणि ते शेजारी शामेळ (ढोलासारखं वाद्य) वाजवणाऱ्याकडे बघून हसतात, तेवढाच. बाबा आता नाहीत. दुकानदाराला दोष किती द्यायचा, मान मीच हलवली होती. पण जो माणूस रोज दहा फॉरमॅट करतो त्याने समोरच्या पांढऱ्या केसांकडे बघून एकदा तरी विचारावं ना, की काका फोटोबिटो कुठे ठेवलेत?

बरं, एवढं करून नेट तरी नीट चालावं. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी परत पंधरा मिनिटं आणि नो इंटरनेट. तुमच्या ऑफिसात फोन केला तो ह्याच दिवशी.

शेवटी बहिणीची मुलगी आली रविवारी, फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकते. मी आल्या आल्या सगळं गाऱ्हाणं सुरू केलं तर म्हणाली, "मामा, लाईट गेली की तुम्ही पहिलं काय करता?" म्हटलं बाहेर येऊन शेजाऱ्याकडे आहे का बघतो. शेजाऱ्याकडे नसेल तर सगळ्या वाड्याची गेली, असेल तर आपला फ्यूज, फ्यूज ठीक असेल तर तो एकच बल्ब. "मग नेटचं तसंच बघायचं, लगेच अख्ख्या घराचं वायरिंग कशाला उपटता?"

आणि तिने तसंच बघितलं. तिचा फोन आमच्या वायफायवर, चालतंय, म्हणजे राउटर आणि लाईन ठीक. मग लॅपटॉप तिच्या फोनच्या हॉटस्पॉटवर, तरी बंद, म्हणजे खोट लॅपटॉपातच. मग ती काळी खिडकी उघडली, कमांड प्रॉम्प्ट म्हणतात ती, तिच्यात इंग्रजीत पिंग (म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का बघायचं) लिहून पुढे ८.८.८.८ टाकलं. हा गूगलच्या एका सर्व्हरचा नंबर. चार वेळा उत्तर आलं! पडद्यावर नो इंटरनेट आणि त्याच पडद्यावर खाली नेटवरून उत्तर येतंय. मग नंबराऐवजी साईटचं नाव टाकून पिंग केलं, त्यालाही उत्तर.

हे दोनदा का, ते मी विचारलं. कॉम्प्युटरला साईटचं नाव कळत नाही, नंबर कळतो, नावावरून नंबर सांगणारा एक वेगळा सर्व्हर असतो, त्याला डीएनएस म्हणतात. गावात नवखा माणूस आला की तिठ्यावर बसलेल्याला विचारतो अमक्याचं घर कुठलं, तसा. तिठ्यावरचा झोपला की घर जागच्या जागी असून माणूस परत जातो. तर नंबराला उत्तर येतं पण नावाला येत नाही असं झालं तर समजायचं डीएनएस झोपलाय, मग वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरायचं, बऱ्याच जणांचं एवढ्यात भागतं. माझं नाव आणि नंबर दोन्ही ठीक होतं. मग राहिला तो फक्त ब्राउजरचा रस्ता.

तेव्हा तिने ती बारीक अक्षरातली ओळ वाचली. प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी गडबड आहे असं त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं. महिनाभर माझ्या नाकासमोर.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. तिथे प्रॉक्सी वापरा हे बटण चालू, पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे ८०८०, हा पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस, तुमची मागणी तो घेऊन जातो आणि पान आणून देतो, कॉलेजात आणि कंपन्यांत मुद्दाम लावतात. आणि १२७.०.०.१ हा पत्ता कुणाचा तर आपल्याच लॅपटॉपचा, प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला त्याच नंबराने ओळखतो. म्हणजे माझा ब्राउजर बाहेर जायच्या ऐवजी घरातच कुणाला तरी सांगत होता, मला पेपर आणून दे. तिन्ही ब्राउजर विंडोजचंच ते सेटिंग बघतात म्हणून तिन्ही एकदम पडायचे, आणि पिंग त्या रस्त्याने जातच नाही म्हणून ते चालायचं.

बटण बंद केलं, पेपर उघडला. मी चहा सांगायला उठलो तर म्हणाली थांबा मामा, आणि रिस्टार्ट केला. बटण परत आपोआप चालू! "बघा, कुणीतरी आत बसलाय."

तो कोण निघाला सांगू? मी स्वतः आणून बसवलेला. जमिनीचे कागद स्कॅन करून एका पीडीएफमध्ये जोडायला मी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं, अशा साईटवरून की जिथे तीन-चार हिरवी डाउनलोडची बटणं असतात आणि खरं कुठलं ते कळत नाही. एवढं कामाचं वाटलं म्हणून पेनड्राईव्हवर जपून ठेवलेलं, आणि फॉरमॅट झाल्यावर पहिलं काय टाकलं असेल तर तेच! त्याच्याबरोबर एक चोरटा प्रोग्राम यायचा, लॅपटॉप लावला की तो ८०८० वर दुकान मांडून बसायचा, सगळी ये-जा स्वतःतून न्यायचा आणि मध्ये जाहिराती घुसडायचा. थोड्या वेळाने विंडोजचा अँटीव्हायरस त्याला ओळखून बंद करायचा, पण प्रॉक्सीचं सेटिंग तसंच राहायचं. म्हणून ती पंधरा-वीस मिनिटं. चोर होता तोवर नेट चालायचं, चोर पकडला की बंद, आणि मी शिव्या कुणाला घालतोय तर नेटवाल्याला, दुकानाला आणि तुम्हाला.

तिने टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत तो शोधला, दोन्ही सॉफ्टवेअर काढली, ब्राउजरमध्ये न मागता आलेली दोन एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउजरला चिकटलेले छोटे प्रोग्राम, काढली, अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन लावला, तो रात्रीपर्यंत चालला, मग प्रॉक्सीचं बटण बंद केलं. पेनड्राईव्हही साफ केला. त्यानंतर आजवर एकदाही गेलं नाही. मात्र लॅपटॉप ऑफिसचा असेल तर प्रॉक्सी बंद करण्याआधी ऑफिसला विचारा, तिथे ती खरी असू शकते.

तिने अजून एक गोष्ट सांगितली ती मला भारी वाटली. डीएनएसचं सेटिंग गुपचूप बदलणारा डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस जगभर पसरला होता, २०११ च्या नोव्हेंबरात एफबीआयने ती टोळी पकडली. पण चोरांचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट एका रात्रीत गेलं असतं, म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर बसवून काही महिने चालू ठेवले, शेवटी ९ जुलै २०१२ ला बंद केले. त्या दिवशीपर्यंत ज्यांनी लॅपटॉप साफ केला नव्हता त्यांचं माझ्यासारखंच झालं असणार, लाईन ठीक आणि पान काही उघडत नाही. आमच्याकडे २०१२ म्हटलं की खाणीच आठवतात, असंही काही चाललं होतं ह्याचा पत्ता नव्हता.

सगळ्यांची खोट हीच असेल असं नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक साईट असुरक्षित दाखवायची, बघितलं तर तारीखच कित्येक वर्षं मागची, आतला बटणाएवढा सेल संपलेला. तारीख चुकली की साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे साईट खरी असल्याचा मुदतीचा दाखला, ब्राउजरला पटत नाही, बस. आणि वायफायच तुटत असेल, दांडेच जात असतील, तर ती वेगळी केस, आमची जुनी घरं चिऱ्याची, जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय आतल्या खोलीत पोचता पोचता मरतं, २.४ वर लावून बघा. नाहीतर डिव्हाइस मॅनेजरात वायफायच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला ते बंद करायची जी खूण असते ती काढा.

दुकानवाल्यांना एकच विनंती आहे. फॉरमॅट करा, तुमचा धंदा आहे, पण पावतीवर आधी खोट काय सापडली ते एका ओळीत लिहा. माझ्या पावतीवर "सॉफ्टवेअर प्रॉब्लेम" एवढंच आहे, मी ती अजून ठेवलीय. आणि डेटा कॉपी केला की नाही हे गिऱ्हाईकाच्या सहीने लिहून घ्या, बॅकअप हा शब्द न वापरता.

राहिली तुमच्या ऑफिसातली ती मुलगी. मी फोन आपटला तेव्हा ती काय सांगत होती ते मला नंतर आठवलं. ती म्हणत होती, "काका, एकदा तुमच्या मोबाईलवर उघडून बघता का?" भाचीने सगळ्यात आधी तेच केलं. तिला हे पत्र दाखवा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, डिचोली
(नाव छापू नये)